वरची पट्टी निळी

माझ्या मुलीला मी फोनवर कधी खरं सांगत नाही. ती तिकडे नेदरलँड्सला, मी इकडे बदलापूरच्या टोकाला, खरवईत. ती विचारते, "आई, बरी आहेस ना?" मी म्हणते, "मजेत." गुडघा धरलेला असो, लिफ्ट बंद असो, दोन दिवसांत दूधवाल्याखेरीज कुणाशी बोलणं झालेलं नसो, उत्तर ठरलेलं. तिचे पप्पा गेले तेव्हा ती आली होती. सगळी कागदपत्रं निस्तरून दिली, माझ्या औषधांचे डबे लावून दिले आणि पंधरवड्यात परत गेली. त्यानंतर दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' असं चाललंय. मी कधी 'ये' म्हटलं नाही. बोलावलं आणि नाही आली तर काय करायचं? बोलावलंच नाही, तर निदान मनाची समजूत घालता येते की आपण बोलावलं कुठे होतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी नात फोनवर आली. तिची शाळेची शेवटची परीक्षा होती. तिचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण माझ्याशी बोलताना हट्टाने मराठीच बोलते. म्हणाली, "आजी, मी पास झाली तर आम्ही घराला झेंडा लावतो. आणि दप्तर."

"दप्तर कुठे लावता?"

"झेंड्याच्या काठीला. बाहेर. सगळे बघतात."

"आमच्याकडे पास झाल्यावर पेढे वाटतात बाई. तुम्ही दप्तराला फाशी देता होय?"

तिला काही कळलं नाही. मागून तिच्या आईने तिला ते समजावून सांगितलं आणि स्वतःच खो खो हसली. असं हसणं पुष्कळ दिवसांनी ऐकलं. मी फोन कानाला घट्ट धरला, जणू काही सांडून जाईल.

मग मुलगीच म्हणाली, "आमच्याकडे झेंडाच नाहीये गं. इतकी वर्षं कधी लावायची वेळच आली नाही. आणू दुकानातून." मी पटकन बोलून गेले, "विकत कशाला? मी शिवते."

आता, हे मी आजी म्हणून बोलले असं नाही. माझी निम्मी हयात उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्स शिवण्यात गेली. तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो. हे तिथल्या कारखान्यात आणि मी रोज शेअर रिक्षाने कॅम्पात. कोऱ्या जीन्सचा रंग हाताला लागतो, तो साबणाने जात नाही. मुलगी पहिलीत असताना शाळेत सगळ्यांना सांगून आली होती की माझ्या आईची बोटं निळी आहेत. बाईंनी मला बोलावून काळजीने विचारलं होतं, काही आजार आहे का म्हणून.

आणि घरी निळा होताच. जयंती जवळ आली की आमच्या विहाराचे झेंडे माझ्या मशिनवर यायचे. खोलीभर निळं कापड. मुलगी त्यातच झोपायची, त्यातच अभ्यास करायची. तिचं एक काम ठरलेलं होतं. परकराला नाडीसाठी असतो तसाच झेंड्याला नेफा असतो, फक्त नाडीऐवजी त्यातून काठी जाते. वरचं तोंड शिवून बंद करायचं, म्हणजे झेंडा काठीवरून घसरत नाही. मी शिवून दिलं की ती काठी घालून बघायची, वरच्या टाक्याला टेकली की ओरडायची, "बसली." रात्री झोपेतसुद्धा एकदा ओरडली होती.

नातीसाठी कापड आणायला मी कॅम्पातच गेले. बदलापूरलाही कापड मिळतं, पण आम्हाला आमचाच दुकानदार लागतो. पूर्वी तो मला दीदी म्हणायचा, आता माताजी म्हणतो, आणि स्वतःचे केस मात्र काळे करतो. मी लाल, पांढरा आणि निळा मागितला. त्याने वर बघून विचारलं, "कौन सा देस बना रही हो, माताजी?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? कापड द्या."

"अरे, पूछना पडता है. सफेद ऊपर किया तो रशिया. पट्टी खडी की तो फ्रान्स. माल वही, देस अलग." एकदा त्याच्याकडून बाहेरदेशीच्या पताकांसाठी कापड गेलं होतं, तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात बसलंय. मी सांगितलं, हॉलंडचा, लाल वर. "बेटी का देस," तो म्हणाला आणि लाल कापड हातभर जास्तच फाडलं. मला ते शब्द टोचले. तिचा देश कुठला, हे त्याने ठरवून टाकलं होतं. तो बरोबरच होता, म्हणून जास्त टोचलं.

घरी येऊन नातीला फोन लावला. म्हटलं, मला आधी सांग, हेच तीन रंग का? तिने पुस्तक वाचल्यासारखं सांगितलं. पहिल्यांदा वरची पट्टी नारिंगी होती. त्यांचा जो राजपुत्र स्पेनच्या राजाविरुद्ध लढला, त्याच्या घराण्याचा तो रंग. मग हळूहळू नारिंगीचा लाल झाला. कुणी म्हणतं, समुद्रावर नारिंगी रंग उडून जायचा. कुणी म्हणतं, लाल लांबून नीट दिसतो. जहाजं ओळखायला झेंडे लागायचे, म्हणून साध्या पट्ट्या. रशियाचा एक राजा जहाजं बांधायला शिकायला त्यांच्याकडे गेला आणि जाताना रंगही घेऊन गेला, असं लोक सांगतात. फ्रान्सचं मात्र वेगळं. तिथे लाल आणि निळा राजधानीच्या शहराचे, मधला पांढरा राजाचा, आणि पुढे राजाच गेला.

"मग त्या नारिंगीचं काय झालं?" मी विचारलं.

"राजाच्या वाढदिवसाला झेंड्याच्या वर एक लांब नारिंगी रिबन लावतात."

मला हसू आलं. म्हटलं, म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखंच. एरवी बाजूला, आणि वाढदिवसाला वर बसवायचं. ती म्हणाली, "आजी, तू सॅड आहे का?" मी म्हटलं, मी मजेत आहे.

रंगांचा अर्थ विचारला तर तिला सांगता येईना. म्हणाली, लाल म्हणजे शूर, निळा म्हणजे खरं, असं लोक म्हणतात, पण शाळेत कुणी तसं शिकवलं नाही. आमच्याकडे निळ्याचा अर्थ विचारावा लागत नाही. निळा म्हणजे आभाळ, सगळ्यांच्या डोक्यावर सारखं. हे मी तिच्या आईला लहानपणी सांगितलं होतं. तिने पुढे मुलीला सांगितलं की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

मग दुपारी मशिनवर बसले. तीन पट्ट्या, जीन्सच्या मांडीला घालतात तशी डबल शिलाई, वाऱ्यात उसवू नये म्हणून. नेफा दुमडला, एक तोंड बंद केलं, धागा तोडला, इस्त्री फिरवली. काठी घालून बघायला कुणी नव्हतं, म्हणून बघितलं नाही. स्टेशनजवळच्या कुरिअरवाल्या पोरीने विचारलं, "काकी, आत काय आहे?" मी म्हटलं, झेंडा. तिने 'कापड' असं लिहिलं. झेंडा लिहिला तर दहा प्रश्न विचारतील म्हणाली.

निकाल लागला. त्यांच्याकडे शिक्षक घरी फोन करून कळवतात. नात पास झाली, आणि संध्याकाळी माझ्या मोबाइलवर फोटो आला. विटांचं घर, दारावर तिरकी काठी, माझा झेंडा आणि टोकाला दप्तर. मी फोटो मोठा करून बघितला, पण झेंडा बघितलाच नाही. दाराशी मुलीच्या चपला होत्या, त्या बघितल्या. एका बाजूने झिजल्या होत्या. लहानपणापासून ती तशीच चालते.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा ती आधीपासूनच हसत होती.

"आई, तू झेंडा उलटा शिवलास."

"काहीतरीच. लाल, पांढरा, निळा. क्रमानेच शिवलाय."

"क्रम बरोबर आहे. पण तू नेफा निळ्याच्या बाजूला बंद केलास. मी काठी घातली, टाक्याला टेकली, आणि बघते तर निळा वर."

मी फोटो पुन्हा उघडला. खरंच की. इतकी वर्षं बंद तोंड निळ्याशीच शिवलं. निळा खाली ठेवायचा, हे डोक्याला कळलं होतं, हाताला कुणी सांगितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, अगं, मग उसवायचा ना. चार टाके तर आहेत.

"ब्लेड घेतलं होतं हातात," ती म्हणाली. "पण नाही उसवता आलं. काठी टेकली ना, तेव्हा मी तोंडाने 'बसली' म्हणाले, आई. आपोआप. ही पोर बघतच राहिली माझ्याकडे. मग तीच म्हणाली, आजीने केलाय तसाच लावू या."

मग ती पुढची गंमत सांगायला लागली. सकाळी समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ आले होते. जन्मभर जहाजावर काम केलेला माणूस. एरवी कुणाच्या दारात जात नाहीत. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? तिला कळेना. मग त्यांनी सांगितलं की समुद्रावर झेंडा उलटा लावला तर त्याचा अर्थ, आम्ही संकटात आहोत, मदतीला या. मध्यंतरी शेतकरी सरकारवर चिडले होते, तेव्हा त्यांनीही गावोगाव असेच उलटे लावले होते. पण तुम्ही काही शेतकरी नाही, म्हणून म्हटलं विचारून यावं.

"मी म्हटलं, नाही हो, आमचं सगळं छान आहे. हा माझ्या आईने भारतातून शिवून पाठवलाय." ती अजून हसत होती. "तर ते म्हणतात कसे, मग तुमची आई ठीक आहे ना?"

मीही हसले. पण ते हसणं माझ्याच्याने पुरं झालं नाही.

"मी सांगितलं त्यांना, मजेत असते ती," मुलगी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "आई? मजेत आहेस ना?"

माझं उत्तर तयारच होतं. इतक्या वर्षांत ते कधी अडलं नव्हतं. समोर टेबलावर उरलेल्या कापडाच्या तीन चिंध्या पडल्या होत्या. त्यांच्याकडे बघत मी म्हटलं, "नाही गं. मजेत नाही मी. तू ये."

पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

"येते," ती म्हणाली. "दोघी येतो. झेंडा पण आणते. नेफा तूच उसव."