रुईची बोंडं फुटण्याआधी

ज्या झाडाची पानं तुम्ही दर शनिवारी मारुतीला वाहता, ते तुमच्याच कुंपणात उगवलं तर तुम्ही काय कराल?

कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत मी बियांपासून रुई वाढवली. दोन वर्षं तिच्या जांभळट फुलांचे फोटो काढले. एकच फोटो राहिला होता: बोंड फुटून म्हाताऱ्या उडतानाचा. बोंडं टरारून फुगली होती.

तळमजल्यावरचे काका दर शनिवारी माझ्याकडून माळेसाठी पानं न्यायचे. झाड राहू द्यावं, असं पत्रक मी छापलं, तेव्हा पहिली सही त्यांनीच केली. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हेही मी त्यात लिहिलं होतं.

सोसायटीच्या सभेत मात्र चिकाचंच कारण सांगून झाड काढायचा ठराव आला. ठरावाच्या बाजूने काकांचाही हात वर गेला.

"काका, पत्रकावर तुमची सही आहे!"

"अरे, सही तुझ्या उत्साहाला होती, झाडाला नव्हे."

सगळे हसले.

"मग शनिवारी मारुतीला काय वाहणार?"

"मंडईत तयार माळ मिळते की."

दुसऱ्याच दिवशी झाड मुळासकट निघालं. कचऱ्यातून बोंडं उचलून मी सोलली. आत बिया पांढऱ्या, कच्च्याच होत्या. त्या कधीच रुजणार नव्हत्या.

माझं एवढंच मागणं आहे. अशा पत्रकावर सही करायची नसेल तर तोंडावर नाही म्हणा. केलीत, तर सभेतही तिच्याच बाजूने हात वर करा.