दुभाष्यानं गाळलेला पूल

पोलीस खात्यात मी सत्तावीस वर्षं काढली. बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या वर्षीचा, हे विचारलं तर मला फाइल पाहावी लागेल. पण दोन हजार सहाच्या सुमाराचा तो एक आठवडा, मंगळवारपासून शनिवारपर्यंतचा, मी आजही तासातासाच्या हिशोबानं सांगू शकतो.

मी मूळचा नागपूरचा. सतराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेत आलो आणि पुढे अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका काउंटीत पोलीस झालो. तेव्हा मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे आमच्या काउंटीतल्या अल्फारेटा गावातल्या निम्म्या मराठी घरांत माझा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असायचा. पासपोर्ट हरवला, गाडीला कुणी धडक दिली, की फोन मला. त्या मंगळवारी सकाळी ओळखीच्या एका काकूंचा फोन आला तेव्हा असंच काहीतरी असेल असं वाटलं.

काकू पुण्यात शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आणि मुलाकडे राहायला आलेल्या. स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस त्या सार्वजनिक लायब्ररीत निर्वासित बायकांना इंग्रजी बोलायला शिकवत.

"अरे, बिझी आहेस का? मी आजचा वर्ग कॅन्सल केलाय. एक बाई माझ्यासमोर बसलीय आणि घरी जायलाच तयार नाही. तिनं एका माणसाला ओळखलंय."

"कोणाला, काकू?"

"ते फोनवर नको. तू ड्राइव्ह करत ये, पण सायरनबियरन लावू नकोस."

लायब्ररीत काकूंसमोर बसलेल्या त्या बाई चाळिशीच्या. एका दुकानात कपडे अल्टर करण्याचं काम करायच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहानशा देशातून आलेल्या. त्या देशात अनेक वर्षं यादवी चालली होती. मग समझोता झाला, निवडणुका झाल्या आणि नव्या सरकारनं एक सत्य आयोग नेमला. युद्धात कोणी कोणावर काय अत्याचार केले, याचे जबाब आयोग नोंदवत होता. त्या देशाची बरीच माणसं अमेरिकेत आश्रयाला असल्यामुळे स्वयंसेवकांच्या मदतीनं जबाब इथेही घेतले जात. आमच्या भागात दर शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये ते काम चाले. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी दुभाषे असत.

आदल्या शनिवारी या बाई जबाब द्यायला गेल्या होत्या. खुर्चीत बसल्या आणि समोरच्या दुभाष्याकडे पाहिलं. त्यांच्या गावाजवळच्या नदीवरच्या पुलावर एका टोळीचं फाटक होतं. पळून जाणाऱ्या लोकांना तिथे थांबवून दोन रांगांत उभं करत. एक रांग पुढे जायची, दुसरी नदीकडे नेली जायची. बाईंचा नवरा दुसऱ्या रांगेत होता. कोणी कुठल्या रांगेत जायचं हे बोटानं दाखवणारा माणूस आता गळ्यात ओळखपत्र अडकवून त्यांना विचारत होता, "सांगा, तुमच्यावर काय अन्याय झाला?"

बाईंनी खोटं नाव सांगितलं, माझी गाय चोरीला गेली असं काहीतरी सांगितलं, आणि उठून आल्या.

"तिला भूतकाळ शिकवला नाहीये रे मी अजून," काकू मला मराठीत म्हणाल्या. "सगळं वर्तमानकाळात सांगत होती. तो उभा आहे, तो बोट दाखवतो, माझा नवरा जातो."

मी वहीत लिहून घेत होतो. मला एकदम जाणवलं, की हा माणूस नुसता लपलेला नाही. त्यानं लपण्यासाठी सगळ्यात चांगली जागा शोधली आहे. कोण कोणाविरुद्ध बोलतंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतंय. बाई पुढे म्हणाल्या, की महिन्यापूर्वी जबाब दिलेल्या एका म्हाताऱ्याच्या गावाकडच्या बहिणीच्या घरी दोन अनोळखी माणसं येऊन धमकावून गेली. पुढचा शनिवार चार दिवसांवर होता आणि यादीत आणखी नऊ जणांची नावं होती.

दुपारी मी इमिग्रेशन खात्याच्या तपास अधिकाऱ्याला गाठलं. आम्ही पूर्वी एका बनावट कागदपत्रांच्या केसवर एकत्र काम केलं होतं. कमी बोलणारा, पण कामाला वाघ. त्यानं संध्याकाळपर्यंत दुभाष्याचा आश्रयासाठीचा अर्ज शोधून काढला. आपण युद्धाच्या सगळ्या काळात उत्तरेकडच्या शहरात शाळामास्तर होतो, कुठल्याही सशस्त्र गटाशी आपला संबंध नव्हता, असं त्यानं शपथेवर लिहून दिलं होतं. सोबत शिक्के मारलेले दाखले.

सरकारी वकिलानं आम्हाला फोनवरच स्पष्ट सांगितलं, "तिथले खून मी इथे चालवू शकत नाही. शपथेवरचं खोटं चालवू शकतो. पण एका बाईची ओळख पुरेशी नाही. आणखी आणा."

आणखी कुठून आणायचं हे मला ठाऊक होतं. हॉलमधला प्रत्येक जबाब टेप होत असे. त्या टेप्स तिथलं काम पाहणाऱ्या वकीलबाईंच्या कपाटात होत्या. बुधवारी सकाळी आठला मी त्यांच्या दारात उभा. सगळी हकीकत ऐकून त्या पांढऱ्याफटक पडल्या. पण टेप्स मागितल्यावर म्हणाल्या, "नाही."

"मॅडम, शनिवारी तो पुन्हा तिथे बसणार आहे."

"कळतंय मला. पण या लोकांना आम्ही शब्द दिलाय, की तुमचा जबाब तुमच्या परवानगीशिवाय कुणाच्या हातात जाणार नाही. पोलिसांच्या तर नाहीच. ज्याचा जबाब, त्याची सही आणा. मी त्याच मिनिटाला टेप देईन."

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हणालो, तुमच्या नियमांपायी कुणाचा जीव जाईल. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांच्या देशात सगळं बुडालं ते 'आत्ता नियम बाजूला ठेवू' असं म्हणणाऱ्या माणसांमुळेच. मी त्यांना इथेही तेच कसं दाखवू?"

बाहेर येऊन मी गाडीच्या टपावर मूठ आपटली. मग काकूंना फोन केला. माझ्यासारख्या पोलिसाला कुणी दार उघडलं नसतं, पण काकूंच्या वर्गातल्या बायकांचेच नवरे, भाऊ, शेजारी जबाब देऊन आले होते. काकूंनी साडीवर स्वेटर चढवला, डब्यात चिवडा भरला आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंना घेऊन माझ्या गाडीत बसल्या. तो दिवस आम्ही अपार्टमेंटचे जिने चढण्यात घालवला. मी प्रत्येक दारापासून चार पावलं मागे थांबायचो. आत बाई त्यांच्या भाषेत बोलायच्या, काकू चिवडा पुढे करायच्या, आणि मी खिशातला संमतीचा कागद चाचपत उभा असायचो. काहींनी नकार दिला. एकानं दार लावून घेतलं. ज्याच्या बहिणीला धमकी आली होती तो म्हातारा कागद स्वतःकडे ओढून म्हणाला, "पेन द्या." संध्याकाळी माझ्याकडे पाच सह्या होत्या.

वकीलबाईंनी शब्द पाळला. गुरुवारी तीच भाषा येणारी एक नर्स, त्या दुभाष्याशी काहीही ओळख नसलेली, आमच्या स्टेशनच्या लहान खोलीत हेडफोन लावून बसली. तिच्यासमोर दुभाष्यानं केलेल्या भाषांतराचे कागद. तिनं टेप ऐकायची आणि फरक असेल तिथे लाल खूण करायची, एवढंच ठरलं होतं. पहिल्या जबाबात तिनं एका जागी खूण केली. दुसऱ्यात दोन. तिसऱ्या टेपच्या वेळी तिनं हेडफोन काढले आणि मला हाक मारली.

"सार्जंट, हे बघा. हा माणूस भाषांतर अगदी उत्तम करतो. शब्द न् शब्द. फक्त पूल आला, की वाक्य गायब."

मी पाचही जबाब टेबलावर पसरले. सैनिक होते, जळलेली घरं होती, इतर टोळ्यांची, इतर गावांची नावं होती. ती सगळी त्यानं प्रामाणिकपणे उतरवली होती. पण पाच वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून आलेला तो एक पूल इंग्रजीत एकदाही उतरला नव्हता. आपण कुठे होतो ते त्यानं आम्हाला स्वतःच्या हातानं दाखवून दिलं होतं. लिहून नव्हे, न लिहून. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं कागद पाहिले आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला. "उद्या सकाळी बोलवू," म्हणाला.

शुक्रवारी नऊला दुभाष्या बोलावल्याप्रमाणे एकटाच आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दाखल्यांची फाइल, बोलणं अदबीचं. मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. गप्प राहण्याचा, वकील बोलावण्याचा. त्यानं सही केली आणि म्हणाला, "मला लपवण्यासारखं काही नाही. मी तर आयोगाला मदत करतो." कॅमेरा चालू झाला.

चौकशीचा पहिला तास कंटाळवाणा असावा, हे मी नोकरीत शिकलो होतो. माणूस घाबरलेला असताना सावध असतो, कंटाळल्यावर स्वतःसारखा वागायला लागतो. मी त्याला शाळेबद्दल विचारलं. किती वर्ग, कुठली पुस्तकं, घंटा कोण वाजवायचं. त्यानं सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. मग मी जबाब पुढे घेतले.

"पूल का गाळला?"

"लोक फार फाटे फोडतात. मी थोडक्यात लिहितो."

"पाचही वेळा नेमका पूलच?"

"योगायोग. मी त्या भागात कधी गेलेलोच नाही."

मी वाद घातला नाही. नर्सनं केलेलं नवं भाषांतर सावकाश वाचत गेलो. दोन रांगा. नदी. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग म्हाताऱ्याचा जबाब आला. "फाटकावरची माणसं सकाळपासून दारू पिऊन झिंगलेली असत," मी वाचलं. "कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. त्यांचा म्होरक्या नावालाच होता, त्याला कुणी जुमानत नसे."

त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. पाठ ताठ झाली.

"खोटं आहे हे," तो म्हणाला. "माझ्या फाटकावर कोणी दारू पीत नव्हतं."

माझ्या शेजारी लिहीत बसलेल्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याचं पेन थांबलं. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आवाज मुद्दाम खाली ठेवून मी विचारलं, "कोणी प्यायला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

"एकाला शिक्षा केली होती," तो म्हणाला.

त्यानंतर तो वीस मिनिटं थांबला नाही. पाळ्या कशा लावल्या होत्या, नोंदी कशा ठेवल्या जायच्या, त्याच्या हाताखाली किती माणसं होती, सगळं सांगितलं. लोकांना नदीकडे नेल्याचं तो एखाद्या गोदामाच्या व्यवस्थेसारखं सांगत होता. मला आजवर भेटलेल्या क्रूर माणसांपैकी बहुतेकांना क्रूर म्हटलेलं चालतं. ढिसाळ म्हटलेलं चालत नाही. बोलणं संपल्यावर त्यानं आम्हा दोघांकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आता मला वकील हवा." मी तिथल्या तिथे चौकशी थांबवली. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं त्याला अटक केली.

शनिवारी हॉलमध्ये दुभाष्याच्या खुर्चीत नर्स बसली होती. मी रस्त्यापलीकडे गाडीत बसून पाहत होतो. यादीतले नऊ जण आले, आणि यादीत नसलेलेही आले. बायका, म्हातारे, रांगेत उभे राहून एकमेकांशी मोठ्यानं बोलत होते. काकू रांगेच्या कडेनं पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होत्या. मी गाडीत एकटाच वेड्यासारखा हसत होतो.

खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलाचा पहिला हल्ला त्या टेप्सवर झाला. गुप्त जबाब पोलिसांनी दबाव आणून मिळवले, म्हणून ते आणि त्यावरून घेतलेली चौकशी, दोन्ही बाद करा. न्यायाधीशांनी संमतीचे पाच कागद मागवले, सह्या पाहिल्या, वकीलबाईंना दोन प्रश्न विचारले आणि हरकत फेटाळली. दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या दहा मिनिटांत मी मान वर करून वकीलबाईंकडे पाहू शकलो नाही. त्या बुधवारी त्यांनी माझं ऐकून कपाट उघडून दिलं असतं, तर तो माणूस त्या दिवशी सुटून घरी गेला असता. बाहेर आल्यावर मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही जिने चढलात ना, बास."

शपथेवर खोटं बोलल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी काकूंमार्फत मला विचारलं, "फक्त खोटं बोलल्याबद्दल?" मी खरं तेच सांगितलं, की आमचा कायदा तेवढ्यापर्यंतच पोचतो. बाकीचं काम त्यांच्या देशाचं. त्या नाराज झाल्या आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

मी नोकरीत शिरलो तेव्हा मला वाटायचं, की कायदा म्हणजे गुन्हेगाराला धरायचं साधन आणि नियम म्हणजे त्या साधनाला लागलेला गंज. या केसनं मला उलटं शिकवलं. ज्यांनी कायदा पार कोसळलेला पाहिला आहे, ती माणसं पोलिसाच्या शौर्याकडे बघत नाहीत. तो दारापासून चार पावलं मागे थांबतो की नाही, एवढंच बघतात.

दोन वर्षांनी त्या देशाच्या राजधानीत आयोगाची जाहीर सुनावणी झाली. बाई विमानानं तिथे गेल्या आणि आपल्या नवऱ्याचं नाव सगळ्यांसमोर उच्चारून आल्या. परतल्यावर काकूंच्या घरी आम्ही जमलो होतो. मी विचारलं, सुनावणी कशी झाली? त्यांनी आयोगाबद्दल फारसं सांगितलं नाही. म्हणाल्या, सभागृहाच्या दारात एक पोलीस शिपाई उभा होता. त्याला पाहून माझे पाय जागीच थांबले. त्यानं माझं नाव विचारलं, यादीत बोट फिरवून शोधलं, आणि मग बाजूला होऊन माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.