पाच दिवसांचा ताप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनाही नाही — आणि आम्ही तर एकमेकींचे आजार रोज मोबाईलवर शोधतो. डोकं दुखलं, शोध. पाळी चुकली, शोध. पहिलं जे दिसेल ते खरं. गावी आले की तिथंही मी हेच करायचे, त्यामुळे माझं वजन होतं. तुमसरला बी.एस्सी. करणारी पोरगी, हिला सगळं समजते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी आंबागडला घरी होते. मोठाईला ताप भरला. मोठाई म्हणजे वडिलांची थोरली वहिनी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. त्याआधी आठवडाभर ती बांधावरचं गवत कापत होती. काखेत एक काळी खपली धरली होती, तीही तिनं मला दाखवली.

"पाय बरं मोबाईलमंदी, कायचा ताप होय हा?"

मी पाहिलं. पण — कसं सांगू? — रेंज नव्हती. नुसतं चाक फिरत होतं. मोठाई मात्र देवाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. रेंज नाही, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? मी बोट वरखाली फिरवलं आणि वाचल्यासारखी बोलले — व्हायरल आहे, पाच दिवसांत उतरते. खपली? ब्लाउज घासला असेल.

संध्याकाळी रेंज आली. तेव्हा तरी शोधलं का? नाही. रील पाहत बसले.

तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची आशाताई तिला दवाखान्यात न्यायला आली. "पोरीनं मोबाईलमंदी पायलं ना," मोठाई म्हणाली, "पाच दिवस म्हणे. मंग कायले येऊ?" मी तिथंच उभी होते. झाकली मूठ झाकलीच ठेवली.

सहाव्या दिवशी ती बरळायला लागली. भंडाऱ्याला नेलं. तिथल्या नर्सबाईंनी तिचा हात वर केला, खपलीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, गवतातल्या किड्याचा ताप. एवढंच. नुसतं नीट बघून. मी थक्क झाले. ते बोट आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मोठाई वाचली. तापानं उजवा कान मात्र गेला. शेजारणींना सांगते, मोबाईलचं काही चुकलं नाही, माह्याच अंगात ताकद नव्हती. एवढा विश्वास माणूस आणतो कुठून? मला त्याची भीतीच वाटते.

परवा तिचा गुडघा दुखत होता. "पाय बरं," म्हणाली, आणि डावा कान माझ्याकडे करून बसली. रेंज होती. ऐकणारा कान समोर होता. त्या दिवशीचं खरं सांगता आलं असतं. मी गुडघ्याचंच वाचून दाखवलं.