मयताला लग्नातला झब्बा

काय फजिती झाली ते ऐकायचंय ना? मग आधी हातातलं बिस्किट संपवा. किस्सा मयताचा आहे आणि त्यातलं गाढव मी आहे.

मी इथे हॉलंडमध्ये काय करतो, हे माझ्या सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. आफ्रिकन शिक्षणविचारावर पीएचडी. "पुण्याचा माणूस, हॉलंडात बसून, आफ्रिकेचं?" एवढं विचारतात आणि पेपर उघडतात.

विद्यापीठात माझ्या शेजारच्या टेबलावर क्वामे बसतो. घानाचा. माझ्या प्रबंधात जे काही बरं आहे ते त्याच्याशी कॅन्टीनमध्ये मारलेल्या गप्पांतून आलंय. मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ गेला. इथेच झूटरमेरला राहायचा. ऐन तिशीत, झोपेतच. बाकी काही जमो न जमो, त्या दिवशी क्वामेच्या शेजारी धड उभं राहायचं, एवढं मी ठरवलं.

"काय घालू गं?" मी बायकोला विचारलं.

"मयताला काय घालतात? पांढरं," मुग्धा म्हणाली. "तुझा लग्नातला झब्बा आहे बघ."

हॉलमध्ये शिरलो आणि सगळ्या माना वळल्या. सगळे काळ्या-लाल कपड्यांत. मला वाटलं, परका माणूस आवर्जून आला म्हणून कौतुकाने बघतायत. दाराजवळच्या गृहस्थांनी मला मागची खुर्ची दाखवली. म्हटलं, छे, मी घरचाच. आणि हात जोडून थेट पुढे, क्वामेच्या आईसमोर!

आईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. क्वामेने खाली बघतच सांगितलं, "आई विचारतेय, तू आनंद कशाचा करतोयस?"

त्यांच्यात पांढरं घालतात ते पिकलं पान गळालं तर. नातवंडं-पतवंडं बघून माणूस गेला तर. तरणा मुलगा गेला की काळं आणि लाल. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण ही हॉलंडची धरणी, खाली नुसतं पाणी.

क्वामेने अंगातला काळा कोट काढला आणि मला चढवला. बटणंही त्यानेच लावली. भावाला पुरताना तो नुसत्या शर्टावर उभा होता, आणि वारा कसला बोचरा! त्याची शरम मला अजून वाटते.

पंधरवड्याने तो कामावर आला. मी धुऊन आणलेला कोट त्याने घेतला आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण टेबलावर ठेवलं. मीच त्याला पूर्वी वाचायला दिलेलं.

"शोकाच्या रंगांचं हे पान एकदम बरोबर आहे," तो म्हणाला. "कुठल्या पुस्तकातून घेतलंस?"

"पुस्तकातून नाही. तूच सांगितलं होतंस. कॅन्टीनमध्ये."

"आणि प्रकरणाचं नाव काय?"

नाव त्याच्या बोटाखालीच छापलेलं होतं. 'ऐकणे हेच शिकणे'.

मग तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हळूहळू हसू गेलं आणि नुसतं पाणीच राहिलं. मी शेजारी बसून होतो. माझ्या संशोधनाचा आजवर कुणाला काही उपयोग झाला असेल, तर तो एवढाच.