वहीतलं खेचर

आमच्या मामांच्या युद्धस्मरणांवरून कुणी सिनेमा काढला नाही. सिनेमावरून मामांची युद्धस्मरणं मात्र मी काढली.

मामा तेर गावचे, मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेले. गाव त्यांना 'फौजी' म्हणे. मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. लेखक व्हायची खुमखुमी होती. वही उघडून म्हणालो, "मामा, सांगा."

"काय सांगू? खेचरांना चारा टाकत व्हतो."

"आणि?"

"पाणी बी दावत व्हतो."

चार वर्षांचं युद्ध पानभरात संपलं. आता पुस्तक कसं व्हायचं? त्याच महिन्यात मी सोलापूरला लढाईचा एक हिंदी सिनेमा बघून आलो आणि प्रश्न मिटला. सिनेमातला पूल मामांनी उडवला, ठाणं मामांनी एकट्यानं राखलं, गोळी मामांच्या खांद्याला लागली. अडलो फक्त एका ठिकाणी. सिनेमात जखमी नायकाला एक नर्स नदीतून ओढून काढते आणि उशाशी बसून रडते. सख्ख्या मामांच्या उशाशी नर्स कशी बसवायची? (आणि दोन्ही वेळची गरम भाकरी मामींच्या हातची होती, हेही बघायला हवं.) मी नर्सच्या जागी खेचर घातलं.

रोज संध्याकाळी ती वही मी पारावर वाचायचो. खेचर मामांच्या उशाशी टिपं गाळायचं तिथं म्हातारी माणसं डोळे पुसत. मामा आधी "आरं, हे कवा झालं?" म्हणून कुरकुरले, पण चौथ्या दिवसापासून त्यांचा खांदा खरंच दुखू लागला. वाचन संपल्यावर मामींनी वहीला हळदकुंकू वाहिलं आणि ती देवघरात पोथ्यांशेजारी ठेवली.

दोन वर्षांनी गावच्या बाजारतळावर टुरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि नेमका तोच सिनेमा लागला. मी घरी सांगून पाहिलं, "अगदी भिकार आहे, जाऊ नका." त्यामुळे सगळं घर गेलं.

पूल उडाला तसा तंबूत गलका झाला.

"आरं, ह्यो तर फौजीचा पूल!"

"वहीत हाय तसंच हाय. कायबी बदललं न्हाय."

मामींची मान ताठ झाली. मामा दर गोळीला मिशी पिळत होते. मी घामानं भिजलो होतो. शेवटी नायक गोळी लागून नदीत पडला. सगळा तंबू खेचराची वाट बघू लागला, आणि पांढऱ्या कपड्यांतली नर्स पाण्यात उतरली.

"आन् खेचर कुटं हाय?" मागनं कुणीतरी विचारलं. तिनं त्याला ओढून काढलं. ती उशाशी बसली. रडली. मामींनी पडद्यावरची नजर काढून मामांकडं वळवली.

"तरीच म्हनलं," त्या हळूच म्हणाल्या, "खेचर येवढं रडतंय कसं."

सकाळी मामींनी माहेरी जायचं गाठोडं बांधलं. मामा ब्रह्मदेशात घाबरले नसतील एवढे घाबरले. पारावरची चार माणसं 'सहज' म्हणून अंगणात येऊन बसली होती. त्यांच्यादेखत मी कबूल केलं, की मामी, ती वही मी सिनेमावरून उतरवली.

"गप. मामाला सोडवाया निघालाय," मामी म्हणाल्या. "वही दोन वर्सांमागं लिवलीस, सिनेमा आत्ता आला. कोन कुनावरनं उतरवलं, येवढं कळतंय मला. सिनेमावाल्यांनी इमानानं दावलं. तूच बाईचं खेचर केलंस."

मग मामा उठले. अंगणातल्या माणसांकडं न बघता म्हणाले, "चारा टाकत व्हतो. चार वर्सं. बंदूक येकदाबी झाडली न्हाय."

मला फार लाज वाटली. दोन वर्षं ताठ असलेली मिशी माझ्यापायी खाली आली होती.

मामी गाठोड्याची गाठ सोडत म्हणाल्या, "हे खरं. आसलं कोन खोटं सांगंल?"

वही देवघरातून थेट चुलीपाशी गेली आणि दोन दिवस तिच्यावर माझ्याच भाकरी भाजल्या गेल्या. तिच्यातला पूल चोरीचा, ठाणं चोरीचं, गोळीसुद्धा चोरीची. माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं असं एकच होतं, ते खेचर. आणि भर तंबूत लोकांना खोटं वाटलं ते तेवढंच.