लिक्सलिपची इमो

बसमध्ये इमोला बसायला जागा मिळाली की ती समोर उभ्या असलेल्या माणसाची पिशवी काढून घ्यायची. माणूस ओळखीचा असायची गरज नव्हती. ती काही विचारायची नाही, फक्त पिशवीचा बंद धरून हलकेच ओढायची आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर ठेवायची. माणूस उतरायला लागला की दोन्ही हातांनी परत द्यायची.

डब्लिनच्या बसमध्ये याचे काय परिणाम होत असतील ते सांगायला नको. एकदा कोट घातलेल्या एका गृहस्थांनी आपली लॅपटॉपची बॅग घट्ट धरून ठेवली आणि इमोनेही सोडली नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी ड्रायव्हरने मान वळवून सांगितलं, "घाबरू नका साहेब, ती आमची शनिवारची बाई आहे. शी इज ग्रँड." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीकठाक. गृहस्थांनी बॅग सोडली. उतरताना त्यांनी इमोचे आभार मानले आणि मग ड्रायव्हरचे मानले. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. ही पद्धत इमोला फार आवडली होती. ती थँक्यू म्हणून शिवाय वाकून नमस्कारही करायची, त्यामुळे मागे रांग खोळंबायची.

इमो म्हणजे कोरियन भाषेत मावशी. तिची मुलगी मिंजी आणि मी डब्लिनजवळच्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात एकाच विभागात होतो. इमोचा नवरा त्याच कारखान्यातल्या नोकरीसाठी बायको-मुलीला घेऊन इथे आला होता. तो वारल्यावर घरातली एक खोली रिकामी झाली. मी नाशिकहून नवीन आले होते आणि घर मिळत नव्हतं. मिंजी म्हणाली, "आमच्याकडे राहा. फक्त आई जेवणावरून पाठ सोडणार नाही, एवढं लक्षात ठेव."

ते खरं होतं. मी कामावरून आले की इमोचा पहिला प्रश्न, "जेवलीस?" हा प्रश्न आमच्याकडेही विचारतात, पण आमच्याकडे "हो" म्हटलं की विषय संपतो. इमो काय जेवलीस ते विचारायची. सँडविच सांगितलं तर ते जेवणात धरायची नाही.

मी शाकाहारी आहे हे कळल्यावर ती दोन दिवस घरातल्या बरण्यांवरची लेबलं वाचत होती. कोरियन स्वयंपाकात भाजीतसुद्धा मासळी असते. किमचीत माशाचा सॉस असतो आणि रस्सा उकळतात तो आमच्या मांदेलीसारख्या बारीक वाळवलेल्या मासळीच्या पाण्यात. तिसऱ्या दिवशी तिने ओट्यावर शिताके मशरूम आणि मुळा उकळत ठेवला. त्या पाण्यात आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा घालून केलेला रस्सा मी पहिल्यांदा खाल्ला. वास उग्र होता, चव मात्र लगेच आवडली. त्यानंतर माझ्या किमचीची बरणी वेगळी झाली. तिच्यावर तिने कोरियन लिपीत माझं नाव लिहून चिकटवलं होतं.

आम्ही तिघी एकाच पातेल्यातून रस्सा खायचो. पातेलं मधोमध, भोवती सात-आठ छोट्या वाट्या, प्रत्येकीसमोर भात आणि चमचा. नाशकात उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मला पहिले काही दिवस हात आखडायला झालं. मी माझ्यासाठी वेगळा बाउल घ्यायला उठले तर इमोने सांगितलं, "बाउल पाहुण्यांना."

मी एकदा आईने पाठवलेलं ब्याडगी मिरचीचं तिखट तिला दिलं. तिने जिभेवर ठेवून बघितलं. "रंग चांगला. राग जास्त," म्हणाली, आणि डबा वरच्या प्रेसमध्ये ठेवून दिला. कपाटाला ती प्रेसच म्हणायची. तिचं सगळं इंग्रजी लिक्सलिपमध्ये शिकलेलं होतं.

दीड वर्षाने कंपनीने मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी कोरियात सुवॉनला पाठवायचं ठरवलं. इमोने स्वयंपाकघरातल्या खुर्च्या एका रांगेत मांडल्या आणि माझी शिकवणी सुरू केली. मेट्रोच्या डब्यात टोकाच्या जागा म्हाताऱ्यांच्या. रिकाम्या असल्या तरी बसायचं नाही. गुलाबी जागा गरोदर बाईची. आधी उतरणारे उतरू देत. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची. फोनवर बोलायचंच असेल तर तोंडावर हात धरून. बसमध्ये पुढून चढायचं, मागून उतरायचं, उतरताना पुन्हा कार्ड लावायचं, आणि हातात कॉफीचा कप असेल तर चढायचंच नाही. मी गंमत म्हणून टोकाच्या खुर्चीवर बसले. ती हसली नाही. "ऊठ," म्हणाली.

जेवणासाठी तिने माझ्याकडून एकच कोरियन वाक्य पाठ करून घेतलं. मी मांस-मासे खात नाही, रश्श्यातली वाळकी मासळीसुद्धा चालत नाही. उच्चार तिच्या मनासारखा व्हायला आठवडा लागला.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिने माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. कोरियन पत्ता होता. "बाहेरचं जेवू नको. इथे जा. ती माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते. मी पाठवलं म्हणून सांगायचं नाही." एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली.

पत्ता कोणाचा ते मिंजीने सांगितलं. इमोच्या थोरल्या बहिणीचा. दहा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. त्यांची आई आजारी असताना इमोला वेळेवर निघता आलं नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बहिणीने तिला घरात घेतलं, जेवायलाही वाढलं, पण वेगळ्या बाउलमध्ये रस्सा आणि वेगळ्या वाट्या, बाहेरून आलेल्या माणसाला वाढतात तसं. शब्दाने काही बोलली नाही. इमो जेवली, वाट्या धुतल्या आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसली.

"आईने आधी माफी मागायला हवी होती का, ते मला अजून कळत नाही," मिंजी म्हणाली. "पण ती पत्ता लिहून देईल असं वाटलं नव्हतं."

सुवॉनमध्ये मी इमोने शिकवलं तसं वागले. एकदा तिथल्या सहकाऱ्यांना इमोच्या पिशव्यांबद्दल सांगितलं. त्यातली एक जण म्हणाली की तिची आजी तसं करायची, आता कोणी करत नाही. पिशवी ओढली तर लोक घाबरतील. इमो ज्या देशाचे नियम मला शिकवत होती त्यातले काही ती निघाली तेव्हाच जुने झाले असावेत. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मी त्या पत्त्यावर गेले. दार उघडणारी बाई इमोहून उंच आणि सावकाश चालणारी होती. फोनवरच्या भाषांतराने मी सांगितलं की मी परदेशी आहे, घरचं जेवण हवं आहे, ओळखीच्या कोणीतरी हा पत्ता दिला. कोणी दिला ते त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी मला बराच वेळ निरखलं आणि आत घेतलं. रस्सा चढवायला त्यांनी वाळकी मासळी काढली तेव्हा मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

त्यांचा हात तसाच थांबला. त्यांनी फोन पुढे करून त्यात एक प्रश्न विचारला. पडद्यावर इंग्रजी उमटलं: हे बोलणं आमच्या गावाकडचं आहे. माझी आई असं बोलायची. तू कोणाच्या घरी जेवतेस?

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "इमोच्या."

त्यांनी मासळी परत ठेवली. मशरूम शोधले. रस्सा झाल्यावर पातेलं टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं, दोन चमचे आणले आणि समोर बसल्या. अर्धं जेवण होईपर्यंत वाट्या माझ्याकडे सरकवत राहिल्या. मग विचारलं, "ती नीट जेवते का?"

आयर्लंडमध्ये तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी व्हिडिओ कॉल लावला. इमोने उचलला, माझ्यामागचं स्वयंपाकघर पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम एवढासा झाला. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि भांडी घासायला उठले. मला त्यातलं फारसं कळलं नाही. एकदा कोबी हा शब्द ऐकू आला, एकदा आई. रडण्याचा आवाज एकाच बाजूने येत होता, आणि तो फोनमधून येत नव्हता.

पुढच्या वर्षी थोरलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. इमो दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. विमानतळावर मिंजीने परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "तारीख बदलता येते ना?" मिंजीने येते म्हणून सांगितलं. ती तारीख तीन वेळा बदलली आणि मग मिंजीने विचारणं सोडून दिलं.

मी अजून त्याच घरात आहे. स्वयंपाक आलटून पालटून करतो. रस्सा मिंजीपेक्षा माझा बरा होतो असं ती स्वतःच म्हणते, आणि ते तिला आवडत नाही. मागच्या रविवारी तिच्या मावशीच्या, म्हणजे इमोच्या थोरल्या बहिणीच्या फोनवरून तिला एक आवाजी संदेश आला. चुकून पाठवला गेला असावा, कारण त्यात तिच्यासाठी काहीच नव्हतं. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींवर आवाज चढवून बोलत होत्या आणि मागे नळ वाहत होता.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"मीठ कोणी जास्त घातलं त्यावरून भांडतायत."

चार मिनिटांचा संदेश होता. मिंजीने तो ओट्याला टेकून शेवटपर्यंत ऐकला आणि पुन्हा सुरुवातीपासून लावला.