दुपारचे सांधे

मला कंपवात आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी हळहळायला नको. आधी उजवा हात गेला, मग थोडा डावा. तळोज्याच्या केमिकल कंपनीत ज्या हाताने सगळी नोकरी मीटर आणि व्हॉल्व्ह जुळवण्यात काढली, त्या हाताचं आता शर्टाचं बटणसुद्धा ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा, आवडीचं काहीतरी करत राहा. आवडीचं म्हणजे माझी छोटी रेल्वे. नेरुळच्या फ्लॅटमधली मागची खोली मी केव्हाच तिला देऊन टाकलीय. प्लायवर मांडलेले रूळ, एक स्टेशन, दोन इंजिनं. सोसायटीतले लोक याला खेळणं म्हणतात. म्हणोत बापडे.

त्यातही माझा जीव सांध्यांत. एका रुळाचे दोन रूळ होतात आणि गाडी इकडची तिकडे वळते, ती जागा म्हणजे सांधा. तयार विकत मिळतो, पण मी कधी आणला नाही. दुधाची तहान ताकावर कशाला भागवायची? स्वतः करायचा म्हणजे कागदावरच्या आराखड्यावर तांबं चढवलेल्या बारीक पट्ट्या स्लीपर म्हणून मांडायच्या, रुळाचं टोक कानशीने घासून घासून निमुळतं करायचं, आणि एकेका पट्टीवर कथलाचा डाग देऊन तो पक्का करायचा. केसाएवढा फरक पडला की डबा उतरलाच समजा. शेवटी प्रत्येक पट्टीवरच्या तांब्याला बारीक करवतीने काप द्यायचा. नाहीतर एका रुळातली वीज पट्टीवरून दुसऱ्या रुळात जाते आणि सगळं शॉर्ट होतं. काप विसरणं ही आम्हा सांधेवाल्यांची खास चूक. भलेभले विसरतात आणि मग डोकं खाजवत बसतात.

मधे हात फारच बिघडला. डाग रुळाला बसायच्याऐवजी पट्टीभर ओघळायचा. मी चिडायचो, सोल्डरिंग आयर्न आपटायचो, बायकोवर खेकसायचो. मग हळूहळू सुधारलं. म्हणजे मला तसं वाटलं. सकाळी बुद्धवंदना आटपून टेबलाशी बसायचं, थरथरत जमतील तेवढे डाग द्यायचे, दुपारी जेवून गोळी घ्यायची. त्या गोळीने जी झोप लागते ती मेल्यासारखी. दुसऱ्या दिवशी बघतो तर काम वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी नीट. मी मनाशी म्हटलं, करताना आपण घाबरतो म्हणून वाईट दिसतं, हात अजून आहे आपला. डॉक्टरांना तर ऐटीत सांगितलं, गोळी लागू पडली, आता वाढवू नका. बायको शेजारीच बसली होती.

मग यार्डाच्या तोंडाचा सांधा करायला घेतला. डाग देऊन झाले, पण काप द्यायची करवत त्या दिवशी काही केल्या हातात धरवेना. उद्या बघू म्हणून तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी आधी मीटर लावला, काप नाहीत म्हणजे शॉर्टची शिटी वाजणारच. वाजली नाही. वाकून पाहिलं तर सगळ्या पट्ट्यांना काप होते.

मीच कापलं आणि विसरलो? म्हणजे हातापाठोपाठ डोकंही चाललं? तसाच खुर्चीत बसून राहिलो. मग भिंग घेतलं. काप पट्टीच्या बरोब्बर मध्यावर होते, बर्फी कापावी तसे. मी जन्मात मध्ये कापलेलं नाही. मी एका रुळाला चिकटून कापतो, म्हणजे रंग दिल्यावर दिसत नाही. ती माझी जुनी खोड आहे.

त्या दुपारी गोळी गिळली नाही, जिभेखाली धरली आणि डोळे मिटून पडलो. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून सोल्डरिंगचा वास आला. जाऊन दारात उभा राहिलो. बायको माझ्या खुर्चीत बसून मी सकाळी बरबटलेलं कथील काढत होती. लग्नाआधी ती महाप्याच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डांना डाग द्यायची, हे मी पार विसरून गेलो होतो.

"कधीपासून?"

ती दचकली नाही. आयर्न स्टँडवर ठेवलं. "झालं असेल वर्ष."

मी भिंग घेऊन एकेक सांधा पाहत गेलो. स्टेशनपर्यंतचे माझे. त्यापुढच्या सगळ्यांच्या पट्ट्याच बदललेल्या, आणि काप मध्यावर. ज्यांच्यावर मी मिरवत होतो ते सगळे त्यापुढचेच.

"डॉक्टरांना तरी सांगायचंस."

"तोंडाशी आलं होतं हो. पण तुम्ही इतके खूश होतात."

राग यायला हवा होता. आला नाही, राग यायलासुद्धा अंगात काही असावं लागतं. एवढंच कळलं की माझं काम संपलंय, आणि ते वर्षभरापूर्वीच संपलं होतं. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. मला इतकं एकटं आधी कधी वाटलं नव्हतं, आणि ती तर समोरच बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आता उघड उघड कर. मी सांगतो, तू डाग दे."

"मला नाही करायचं," ती म्हणाली. "मला कुठे त्याची आवड आहे? धुराने डोळे चुरचुरतात. तुम्ही सकाळी उठून बसायचात, म्हणून करत होते."

डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी गोळी वाढवली, झोपही वाढली. मागच्या खोलीचं दार आता लोटलेलंच असतं. सारसोळ्याकडून खाडीचा वारा येतो, त्याने उरलेल्या पट्ट्यांचं तांबं काळं पडलंय. घासून काढायला हवं, पण कोणासाठी?

परवा भात वाढताना ती म्हणाली, "तेव्हा जेवताना तुम्ही किती बोलायचात. आज डाग बघ कसा बसलाय, आज रूळ बघ कसा जुळलाय. मी गप्प ऐकायचे. मला वाटायचं, बोलू दे, माझंच कौतुक चाललंय."

घास तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडला, तो तिने पुसून घेतला.